साळुंकीला साळुंकी का म्हणतात?

मराठवाड्यात वावरात कुळवाची पाळी चालू असली की औताच्या मागं दोन पाखरं ठरलेली: बगळा आणि साळुंकी. बगळा मुकाट्यानं किडे वेचतो. साळुंकीला ते जमत नाही. मातीतून वर आलेली अळी उचलायची, मान ताठ करून चार शब्द बोलायचे, शेजारणीशी भांडायचं आणि मग पुढच्या तासाकडं, म्हणजे औताच्या पुढच्या रेघेकडं, वळायचं, असा तिचा खाक्या. तपकिरी अंग, काळं डोकं, पिवळी चोच, पिवळे पाय, डोळ्याशी पिवळ्या उघड्या कातडीचा पट्टा. उडाली की पंखावरचा पांढरा डाग चमकतो. नर आणि मादी दिसायला सारखेच, तरी मराठीत सगळ्याच 'ती'.

हे पाखरू ओळखायला कुणाला पुस्तक लागत नाही. गुंता आहे तो नावाचा. आखाड्यावरचा, म्हणजे शेतातल्या वस्तीवरचा, माणूस तिला साळुंकी किंवा साळुंखी म्हणतो. पुस्तकात तीच मैना होते, संस्कृत नाटकात सारिका. त्यात भर म्हणजे महादेवाच्या पिंडीभोवतीच्या दगडी बैठकीला शाळुंका म्हणतात आणि साळुंखे हे तर घसघशीत आडनाव. मग पिंडीवर बसते म्हणून साळुंकी, किंवा चालुक्यांचं पाखरू म्हणून साळुंखी, अशा जोडण्या कुणालाही सुचाव्यात. ऐकायला त्या झकास वाटतात. पण आधी सगळ्यात जुना धागा धरू, मग या जोडण्यांकडं वळू.

शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत, चोविसाव्या अध्यायात, अश्वमेधाच्या वेळी कोणत्या देवतेच्या वाट्याला कोणता पशू-पक्षी जातो याची लांबलचक यादी आहे. त्यात सरस्वतीच्या नावानं जे पाखरू येतं त्याचं नाव 'शारि'. तिचं विशेषण दिलंय 'पुरुषवाक्', म्हणजे माणसासारखं बोलणारी. त्याच यादीत सरस्वान् देवाच्या नावानं 'शुक' येतो, म्हणजे राघू, आणि तोही पुरुषवाक्. राघू-मैनेची जोडी आपल्याला गाण्यांतली वाटते. ती इतकी जुनी आहे की वाचेच्या देवतेचं पाखरू म्हणून वेदातच येऊन बसली आहे. नावाबरोबर गुण आला तो रंगाचा किंवा चोचीचा नाही, बोलण्याचा. या पाखराच्या बहुतेक नावांचा पुढचा इतिहास या एकाच गुणाभोवती फिरतो.

शारिचं शारिका झालं, तसंच सारिकाही लिहू लागले. आता ही सारिका आपल्या वावरात साळुंकी होऊन कशी उतरली, ते पाहू. यासाठी मराठीच्या तीन जुन्या सवयी माहीत असल्या की पुरे. पहिली, महाराष्ट्री प्राकृतात 'श' टिकत नाही, त्याचा 'स' होतो. दुसरी, दोन स्वरांच्या मधला 'क' विरघळून जातो, म्हणून सारिकाची सारिआ होते. तिसरी सवय सगळ्यात गमतीची: काही शब्दांत 'र' घसरून 'ल' आणि पुढं 'ळ' होतो. हरिद्रेची हळद झाली ती अशीच. चत्वारिंशत् चे चाळीस झाले तेही असेच. ज्या वाटेनं हळद स्वयंपाकघरात आली त्याच वाटेनं शारिका आपल्या लिंबावर आली. पाली भाषेत याच पाखराला साळिका म्हणतात. बंगालीत आजही ती शालिक आहे. मराठीत 'साळ' हे मूळ अंग राहिलं आणि 'उंकी' हे शेपूट मागून लागलं.

या प्रवासातला एक थांबा चक्क पैठणला आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला गाथासप्तशती हा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह, आणि सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. त्या संग्रहातल्या एका गाथेत सून आपल्या सासूला विचारते आहे की, हा सारीचा पिंजरा तुम्ही शेजघरातून बाहेर का नेत नाही? आम्ही विश्वासानं बोललेलं सगळं ही लोकांपुढं उघड करते. गाथेतला शब्द आहे 'पंजरसारि', पिंजऱ्यातली सारी. 'श' गेलेला आहे, 'का' गळालेला आहे, 'ळ' अजून यायचा आहे. शब्द अर्ध्या वाटेवर असतानाचं असं चित्र क्वचित हाती लागतं, आणि तेही इतक्या घरगुती तक्रारीत. बाकी काही असो, सुनेची अडचण दोन हजार वर्षांच्या आसपासची असूनही समजायला कुणाला टीप लागत नाही.

पाखराला बोलायला शिकवणं हा त्या काळी रिकामटेकडा उद्योग नव्हता. चौसष्ट कलांच्या यादीत 'शुकसारिकाप्रलापन' ही स्वतंत्र कला आहे: राघू आणि सारिका यांना बोलतं करणं. गायन, वादन, चित्रकला यांच्याच पंक्तीला ती बसली आहे.

इथं एक प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. पिंजऱ्यात बसून हुबेहूब बोलणारी सारिका म्हणजे आपली औतामागची साळुंकीच का? माणसाच्या बोलण्याची सगळ्यात पक्की नक्कल करते ती डोंगरी मैना: तकतकीत काळी, डोक्यामागं पिवळ्या कातडीच्या पाळ्या लोंबणारी. ती राहते दमट, घनदाट जंगलात. ईशान्य भारत, हिमालयाचा पायथा, बस्तर, ओडिशा हे तिचे मुलूख, आणि तिची सख्खी दक्षिणी बहीण सह्याद्रीच्या दक्षिण भागात सापडते. छत्तीसगडनं तिला राज्यपक्षी केलं आहे. मराठवाड्याच्या कोरड्या माळावर आणि काळ्या रानात ती नाही. आता तिला पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. पण आपली साळुंकीही काही कमी नाही. दुसऱ्या पाखरांचे, माणसांचे आवाज तीही उचलते, फक्त डोंगरी मैनेइतके स्वच्छ नाही. माझं मत असं की सारिका हे नाव जुन्या लोकांनी एका जातीसाठी कधी वापरलंच नाही. पिवळ्या चोचीची, बोलकी, पोसता येणारी, ती सारिका. राजवाड्यात डोंगरातली आली असेल, साध्या घरात अंगणातली. आज आपण 'बगळा' म्हणतो तेव्हा तरी कुठं एकच जात डोळ्यांपुढं असते?

अंगणातली साळुंकी मात्र जुन्या कोशकारांनी नीट पाहिली होती हे नक्की. संस्कृतात तिची आणखी नावं आहेत. पीतपाद, म्हणजे पिवळ्या पायांची. पीतनेत्र आणि चित्रनेत्र, तिच्या डोळ्यावरून. आणि सगळ्यात चोख नाव, कलहप्रिया. उन्हाळ्यात भिंतीतल्या एका बिळासाठी दोन जोड्या मातीत लोळून, एकमेकींचे पाय धरून भांडताना ज्यानं पाहिल्या आहेत त्याला हे नाव समजावून सांगावं लागणार नाही. संध्याकाळी एसटी स्टँडवरच्या वडा-पिंपळावर मुक्कामाला आलेल्या शेकडो साळुंक्यांचा गलका ऐकला की कंडक्टरची घंटीसुद्धा ऐकू येत नाही. कोशकारांचं निरीक्षण बिनचूक होतं.

आता मैना. हे नाव वेगळ्या घरचं आहे. संस्कृतात 'मदन' आणि 'मदनसारिका' अशी या पाखराची नावं सापडतात. मदन म्हणजे कामदेव, म्हणून मदनाची सारिका, प्रेमिकांची पाखरीण. प्राकृतात मधला 'द' गळाला, मयणा झाली आणि तिची हिंदीत मैना. हाच मदन शब्द संस्कृतात मधमाशीच्या मेणालाही आहे, आणि तो 'मयण' होऊन मराठीत मेण झाला. म्हणजे मेण आणि मैना, दोघांचा उगम एकाच अक्षरओळीत.

पण या दोन शब्दांकडं जरा निरखून पाहा. मेणात 'ण' आहे, मैनेत 'न'. प्राकृतातला एकटा 'ण' मराठी सहसा सोडत नाही. हिंदीत पानी, आपल्याकडं पाणी. हिंदीत बहन, आपल्याकडं बहीण. मैना हा शब्द मराठीच्याच मुशीत घडला असता तर त्यात 'ण' यायला हवा होता. 'न' आला याचा अर्थ शब्द उत्तरेकडून, तयार होऊन आला. तर साळुंकी घरची, मैना पाहुणी, आणि एकीच्या 'ळ'वरून, दुसरीच्या 'न'वरून ते ओळखता येतं. दोन नावांतला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. राजे, लढाया, ताम्रपट काही न उघडता नुसत्या उच्चारावरून शब्दाचं गाव सांगता येतं.

पाहुणी आली आणि घरच्या लेकीला हाकलून बसली, असं मात्र झालं नाही. दोघींनी कामं वाटून घेतली. वावरात, आखाड्यावर, गोठ्यात दिसते ती साळुंकी. गाण्यात, भरतकामात, लाडात येते ती मैना. जात्यावरच्या ओव्यांत आई मुलाला राघू म्हणते आणि लेकीला मैना. 'माझी साळुंकी' असं लाडानं कुणी म्हणत नाही. पैठणीच्या नक्षीत तोता-मैना आहे, साळुंकी नाही. मुलींची नावं पाहा. आजीच्या पिढीत मैनाबाई होत्या, पुढच्या पिढीत सारिका आल्या. आजी-नातीचं नाव एकच, हे दोघींपैकी कुणाच्या ध्यानात आलं असेल असं वाटत नाही. साळुंकी हे नाव मात्र कुणी पोरीला ठेवत नाही. जे रोज पायात घुटमळतं त्याचं नाव कौतुकाला चालत नाही, हा माणसाचा जुना स्वभाव.

मराठवाड्याच्या पूर्व आणि दक्षिण कडेला तिसरं घराणंही भेटतं. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या पलीकडं तेलुगू सुरू होते आणि तिथं ही पाखरीण गोरिंक होते. आपली राघू-मैना तिकडं चिलका-गोरिंका. उदगीर, निलंगा, उमरग्याच्या पलीकडं कन्नडात तिला गोरवंक म्हणतात. गुजरातीत आणखी वेगळं, काबर.

आता राहिलेल्या दोन जोडण्या. शाळुंका म्हणजे शिवलिंग ज्यात बसवलेलं असतं ती बैठक. अभिषेकाचं पाणी वाहून जायला तिला एका बाजूला पन्हळ असते, बहुतेक ठिकाणी उत्तरेला. औंढ्याला, परळीला, वेरूळच्या घृष्णेश्वराला जाणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. शाळुंका आणि साळुंकी यांचा आवाज जवळचा आहे, यापलीकडं दोघींत काही नातं लागत नाही. पाखराच्या नावाची वंशावळ शारि, सारिका, सारी, साळिका अशी पायरीपायरीनं लागते आणि तिच्यात देवळाची पायरी कुठंच येत नाही.

आडनावाचं तसंच. साळुंखे, साळुंके, सोळंके ही आडनावं चालुक्य आणि गुजरातेतल्या चौलुक्य किंवा सोळंकी घराण्यांच्या नावांशी जोडली जातात. मराठवाड्याला चालुक्य परके नाहीत. ९७३ मध्ये तैलप दुसरा यानं राष्ट्रकूटांचं राज्य संपवलं आणि पुढं या घराण्याची राजधानी झाली कल्याणी, म्हणजे उमरग्याच्या शेजारचं आजचं बसवकल्याण. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची कोरीव मंदिरं त्याच काळाची साक्ष. या घराण्याच्या नावाची दंतकथाही पाखराची नाही. ब्रह्मदेवाच्या 'चुलुकातून', म्हणजे ओंजळीतून, मूळ पुरुष जन्मला असं दरबारी कवी बिल्हण सांगतो. दंतकथा खरी माना वा मानू नका, नाव सुरू होतं ते 'च'नं आणि पाखराचं नाव 'श'नं. दोन वाटा वेगळ्या निघाल्या आणि मराठीत येता येता आवाजानं जवळ आल्या. असं भाषेत नेहमी होतं. एखाद्या नावाची कथा ऐकली की मी एवढंच विचारतो: त्याची जुनी रूपं दाखवता येतात का, आणि एका रूपातून दुसरं होताना जो बदल सांगितला जातो तोच बदल इतर शब्दांतही दिसतो का? हळद आणि चाळीस साक्षीला आले, म्हणून साळुंकीची कथा टिकते.

शास्त्रज्ञांनी ठेवलेलं नाव तर आणखी निराळं. लिनियस या स्वीडिश पंडितानं १७६६ मध्ये तिचं नामकरण केलं आणि चक्क स्वर्गीय पक्ष्यांच्या कुळात घातलं: पॅराडिसिया ट्रिस्टिस. लिनियस भारतात कधी आलाच नव्हता. पुढं व्हिएयो या फ्रेंच पक्षितज्ज्ञानं १८१६ मध्ये नवी प्रजाती मांडली आणि ती झाली ॲक्रिडोथेरिस ट्रिस्टिस. पहिला शब्द ग्रीक, अर्थ टोळांची शिकारी. हा शंभर टक्के बरोबर. नाकतोडे आणि अळ्या खाताना तिला रोजच पाहतो आपण. दुसरा शब्द लॅटिन, अर्थ उदास. तो बहुधा तिच्या मळकट तपकिरी रंगावरून आला असावा, कारण स्वभावावरून द्यायचा तर याहून चुकीचं विशेषण शोधून सापडणार नाही. एकीकडं कलहप्रिया आणि दुसरीकडं उदास. जिवंत पाखरू पाहणाऱ्यांनी दिलेलं नाव कोणतं, हे ओळखणं अवघड नाही.

टोळांची शिकारी या ख्यातीपायी तिला परदेशही घडला. अठराव्या शतकात टोळांना आवर घालायला तिला भारतातून मॉरिशसला नेलं. एकोणिसाव्या शतकात ती मेलबर्नला पोहोचली. तिथं ती इतकी फोफावली की ऑस्ट्रेलियात आज 'इंडियन मायना' हे नाव कपाळाला आठ्या घालूनच घेतलं जातं. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत जे तीनच पक्षी आहेत त्यांत ही एक. तिच्या नावानं तिकडच्या एका पाखरालाही गाठलं: पिवळी चोच आणि डोळ्याशी पिवळा डाग पाहून गोऱ्यांनी तिथल्या मध पिणाऱ्या एका स्थानिक पक्ष्याला 'नॉइझी मायनर' म्हटलं. स्पेलिंग खाणकामगाराचं, मूळ मैनेचं. संस्कृतातला मदन असा ऑस्ट्रेलियाच्या निलगिरीच्या झाडांवर जाऊन बसला.

उलट दिशेनंही एक गोष्ट आली. इंग्रजी शाळांतली पोरं एक साळुंकी दिसली की दुःख आणि दोन दिसल्या की आनंद असं म्हणतात. हे मूळचं विलायती बडबडगीत मॅगपाय या कावळ्याच्या नातेवाइकाचं. तो पक्षी इथं नाही, म्हणून गाणं साळुंकीच्या गळ्यात पडलं. ती बहुधा जोडीनंच फिरते, तेव्हा पोरांचा फायदाच झाला.

तिच्या भावकीतल्या नावांवरही नजर टाकू. डोक्यावर मागं विंचरलेल्यासारखे काळे केस असलेली, तांबूस छातीची ती भांगपाडी मैना. इंग्रज तिला ब्राह्मणी म्हणाले, आपल्या लोकांनी केसांचा भांग पाहिला. दुसरी गुलाबी मैना. ही मध्य आशियाकडून पावसाळ्याच्या शेवटी येते, थंडीभर राहते आणि पळस फुलला की त्यावर गर्दी करते, म्हणून पुस्तकांत पळसमैना. पण ज्वारी दाण्यात आली आणि हजारांचा थवा वावरावर उतरला, की मचाणावरून गोफण फिरवणारा शेतकरी तिला मैना म्हणत नाही. तो म्हणतो, भोरड्या आल्या. लेकीचं नाव घेऊन दगड कोण भिरकावणार?